औषधाचे शिवार

हिंगोली जिल्ह्याच्या औंढा नागनाथ तालुक्यात, औंढ्याहून वसमतला जाणाऱ्या रस्त्यावर शिरड शहापूर हे गाव आहे. बाहेरगावच्या लोकांना ते ठाऊक असते ते मुख्यतः एकोणिसावे तीर्थंकर मल्लिनाथ यांच्या दिगंबर जैन अतिशय क्षेत्रामुळे. परंतु वनौषधींचा अभ्यास करणाऱ्याच्या दृष्टीने या परिसराचे आणखी एक महत्त्व आहे आणि ते येथील जमिनीत आहे. येलदरी व सिद्धेश्वर या पूर्णा प्रकल्पाच्या धरणांमुळे आणि विहिरींच्या पाण्यामुळे औंढा, वसमत, कळमनुरी या पट्ट्यात हळदीची लागवड गेल्या काही दशकांत इतकी पसरली की सांगलीच्या जोडीने हिंगोलीचे नाव घेतले जाऊ लागले, आणि २०२४ मध्ये वसमत हळदीला भौगोलिक मानांकन, म्हणजे विशिष्ट प्रदेशाशी निगडित असलेल्या मालाचे नाव इतरांना वापरता येऊ नये यासाठी कायद्याने दिलेले संरक्षण, मिळाले.

औषधी वनस्पतींविषयीचे लेखन बहुधा रोगापासून सुरू होते, तेथून वनस्पतीच्या गुणांकडे वळते आणि फार तर मात्रेपाशी थांबते. ती वनस्पती कोणी लावली, कशी शिजवली, किती वाळवली आणि तिच्यात औषधी अंश किती उरला, हा भाग त्यात क्वचितच येतो. हळदीच्या बाबतीत ही उणीव विशेष जाणवते, कारण हळदीवर लिहिणारे ग्रंथकार, तिच्यावर प्रयोग करणारे शास्त्रज्ञ आणि तिच्यासाठी परदेशात कायद्याची लढाई लढणारे अधिकारी यांची नावे इतिहासात आहेत, परंतु तिचे औषधपण ज्या कामांवर अवलंबून असते ती कामे करणाऱ्यांची नोंद कोठेही नाही. हा लेख त्या कामांपासून सुरुवात करून औषधापर्यंत जातो.

हळद ही आल्याच्या कुळातील वनस्पती असून तिचे शास्त्रीय नाव कुर्कुमा लोंगा असे आहे. तिच्या पेशींत गुणसूत्रांचे संच दोनऐवजी तीन असतात; अशा वनस्पतीला त्रिगुणित म्हणतात, आणि तीन संचांची समान विभागणी होऊ शकत नसल्यामुळे हळदीला फूल येत असले तरी रुजणारे बी सहसा धरत नाही. परिणामी हळद वाढते ती केवळ कंदापासून, म्हणजे मागच्या वर्षीच्या पिकातून राखून ठेवलेल्या बेण्यापासून. माणसाने बेणे राखले नाही तर रानात आपोआप पसरण्याचा मार्ग या पिकाला जवळजवळ नाही. दोन-अडीच हजार वर्षांपूर्वीच्या संहितांमध्ये जिचा उल्लेख येतो ती हळद आजही उपलब्ध आहे, याचा अर्थ मधल्या काळात एकाही पिढीने बेणे राखण्यात खंड पडू दिला नाही. ग्रंथांच्या पोथ्या नकलून जपणाऱ्यांचे जेवढे ऋण भारतीय वैद्यकावर आहे, तेवढेच ऋण दर उन्हाळ्यात सावलीत, पाल्याखाली झाकून बेणे जपणाऱ्यांचे आहे, असे म्हणण्यात अतिशयोक्ती नाही.

मराठवाड्यात हळदीची लागण साधारणतः अक्षय्य तृतीयेपासून जूनच्या अखेरीपर्यंत होते. रुंद वरंब्यावर किंवा गादीवाफ्यावर बेणे लावले जाते, आणि पुढचे आठ-नऊ महिने पाणी, भर लावणे, कंदमाशी आणि कंदकूज यांच्यापासून पिकाचे रक्षण यांत जातात. कंदकूज हा बुरशीमुळे होणारा रोग साचलेल्या पाण्यात झपाट्याने फैलावतो, म्हणून काळ्या भारी जमिनीत निचरा साधणे हेच येथील हळदकऱ्याचे खरे कसब ठरते. पाला वाळू लागला की तो जमिनीलगत कापतात, काही दिवस जमीन तापू देतात आणि मग काढणी होते. काढलेल्या कंदांची प्रतवारी होते: मध्यभागी असलेला जुना, जाड कंद म्हणजे जेठा गड्डा, त्याच्या कडेने आलेले बगल गड्डे, आणि त्यांना फुटलेली बोटांसारखी हळकुंडे. जेठे व बगल गड्डे पुढील वर्षाच्या बेण्यासाठी अधिक उपयोगी, तर शिजवून बाजारात जातात ती मुख्यतः हळकुंडे.

यानंतरचा टप्पा औषधाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत कमी चर्चिला गेलेला आहे. ओले हळकुंड तसेच वाळवले तर ते सुरकुतते, रंग एकसारखा धरत नाही आणि वाळायलाही फार दिवस घेते; म्हणून ते आधी शिजवावे लागते. पूर्वी मोठ्या कढईत पाणी, वर हळदीचाच पाला आणि गोणपाट घालून तासभर शिजवण्याची रीत होती. आता गावोगावी वाफेवर चालणारे बॉयलर आले असून त्यांत हे काम निम्म्याहून कमी वेळात होते. शिजल्याची खूण सगळीकडे एकच असते: हळदीचा विशिष्ट वास सुटतो आणि काडी टोचली असता ती हळकुंडात सहज शिरते. या उष्णतेने कंदातील पिष्ट फुलून चिकट होते, पिवळे द्रव्य आतपर्यंत समान पसरते आणि कंदाची रुजण्याची शक्ती नाहीशी होते. मात्र हळद जास्त शिजली तर तिच्यातील उडून जाणारे तेल आणि पिवळे द्रव्य दोन्ही घटतात, कमी शिजली तर मधला गाभा कच्चा राहून पुढे कीड लागते. त्यानंतर दहा-पंधरा दिवसांचे ऊन, त्यातही सारवलेली किंवा काँक्रीटची स्वच्छ जागा, रात्रीच्या दवापासून आच्छादन, आणि शेवटी फिरत्या पिंपात घासून साल व मुळ्या काढण्याचे काम, ज्याला सर्वत्र पॉलिश म्हणतात. ओल्या हळदीच्या साधारण चौथा ते पाचवा हिस्सा वजनाने कोरडी हळद हाती येते. वैद्याच्या खलात किंवा घरच्या डब्यात जे चूर्ण जाते त्याचे बरेवाईट येथेच, फडावर, ठरलेले असते.

आयुर्वेदात हळदीला हरिद्रा म्हणतात. चरकसंहितेत औषधी द्रव्यांचे त्यांच्या कार्यानुसार दहा-दहांचे पन्नास गट केले आहेत, त्यांना महाकषाय अशी संज्ञा आहे. त्यांपैकी लेखनीय, म्हणजे शरीरातील अतिरिक्त मेद व कफ खरवडून काढणारा गट, कुष्ठघ्न, म्हणजे त्वचारोगांचा नाश करणारा गट, आणि विषघ्न, अशा निरनिराळ्या गटांत हरिद्रेचा समावेश आहे. सुश्रुताने हरिद्रादी नावाचा स्वतंत्र गणच सांगितला असून त्यात दारुहळदही येते. येथे एक खुलासा करणे आवश्यक आहे, कारण बाजारात यावरून नेहमी घोटाळा होतो: दारुहळद ही हळदीच्या कुळातील वनस्पती नव्हे, तर हिमालयात व दक्षिणेतील उंच डोंगरांत होणाऱ्या काटेरी झुडपाचे पिवळे लाकूड आहे; आंबेहळद, जिचा लेप महाराष्ट्रात मुका मार लागल्यावर घालतात, ती मात्र हळदीच्याच गोतातली वेगळी जात आहे. वाग्भटाने प्रमेहासाठी, म्हणजे ज्यात आजचा मधुमेहही मोडतो अशा मूत्रविकारांच्या समूहासाठी, आवळा आणि हळद यांच्या जोडीला अग्रस्थान दिले, आणि निशा-आमलकी या नावाने ती जोडी अजूनही वैद्यांच्या नित्य वापरात आहे. अंगावर पित्त उठणे या तक्रारीवर दिला जाणारा हरिद्राखंड हा कल्पही तितकाच प्रचलित आहे.

शिरड शहापूरच्या संदर्भात जैन वैद्यकाचा उल्लेख केल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. नवव्या शतकात, राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्ष याच्या काळात, उग्रादित्य नावाच्या दिगंबर आचार्याने कल्याणकारक हा वैद्यकग्रंथ संस्कृतात रचला. त्याचे वैशिष्ट्य असे की मांस, मद्य आणि मध यांना औषधांतून पूर्णपणे वगळून वनस्पती आणि खनिजे यांच्या आधारे सर्व चिकित्सा त्यात उभी केली आहे, आणि मांसाहाराच्या निरर्थकतेवर राजसभेत केलेल्या प्रतिपादनाचा भागही त्यात समाविष्ट आहे. आजचा मराठवाडा तेव्हा राष्ट्रकूटांच्या राज्यात होता. हा ग्रंथ अनेक शतके हस्तलिखितातच राहिला आणि १९४० मध्ये वर्धमान पार्श्वनाथ शास्त्री यांच्या संपादनाने व हिंदी अनुवादासह सोलापुरातून छापला गेला. महाराष्ट्रात प्रसिद्ध झालेल्या वैद्यकग्रंथांमध्ये त्याला मिळायला हवे होते ते स्थान अद्याप मिळालेले नाही. जैन आचारात जमिनीखालचे कंद वर्ज्य मानले जातात, कारण एका कंदात अनंत जीव वास करतात अशी धारणा आहे; तथापि ओले आले व ओली हळद टाळणाऱ्या घरांतही वाळवलेली सुंठ आणि वाळवलेली हळद औषध व मसाला म्हणून चालते. शिजवून व वाळवून कंदाची रुजण्याची शक्ती संपवणारी जी प्रक्रिया फडावर होते, तिला या आचारविचारात असा अर्थ मिळतो, आणि हळदीच्या शिवारात उभ्या असलेल्या जैन क्षेत्राच्या परिसरात ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे.

मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात असल्यामुळे येथे वैद्यांबरोबर हकीमही होते, आणि युनानी वैद्यकात ज़र्दचोब या नावाने हळदीचा उपयोग सूज, जखम आणि यकृताच्या तक्रारींवर सांगितलेला आहे. पश्चिम किनाऱ्यावर गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या आपल्या औषधिविषयक संवादग्रंथात हळदीची दखल घेतली. मराठीत विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर शंकर दाजीशास्त्री पदे यांनी आर्यभिषक् आणि वनौषधिगुणादर्श यांसारख्या ग्रंथांतून हे ज्ञान सामान्य वाचकाच्या हाती दिले. त्यांचे कार्य इतके मोठे आहे की त्यावर स्वतंत्रच लिहिले पाहिजे.

घरोघरच्या उपचारांची परंपरा या ग्रंथांच्या समांतर चालत आलेली आहे. विळा किंवा खुरपे लागून रक्त आले की चिमूटभर हळद दाबून धरणे, घसा धरला असता हळद-मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, सर्दीत भाजलेल्या हळकुंडाचा धूर, रात्री दुधातून हळद, बाळंतिणीच्या आहारात हळद, पायाच्या भेगांत तेलात कालवलेली हळद, असे कितीतरी प्रयोग मराठवाड्यातील घरांत कोणी शिकवल्याशिवाय चालत आलेले आहेत. यातील बहुतेक गोष्टी स्त्रियांनी जपल्या, आणि म्हणूनच त्या लिहिल्या गेल्या नाहीत. या न लिहिण्याची किंमत काय असते, हे पुढे एका परदेशी कार्यालयात दिसून आले.

अमेरिकेतील मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला २८ मार्च १९९५ रोजी ५४०१५०४ या क्रमांकाचे एकस्व, म्हणजे पेटंट, देण्यात आले. त्याचा विषय होता जखम भरून येण्यासाठी हळदीच्या चूर्णाचा वापर, आणि संशोधक म्हणून ज्या दोघांची नावे नोंदली होती ते मूळचे भारतीयच होते. वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे तेव्हाचे महासंचालक डॉ. रघुनाथ माशेलकर यांनी या एकस्वाला आव्हान देण्याचा निर्णय घेतला आणि ऑक्टोबर १९९६ मध्ये फेरतपासणीचा अर्ज दाखल झाला. गोव्यातील माशेल या गावी जन्मलेल्या आणि मुंबईत गिरगावात वाढलेल्या या शास्त्रज्ञाला जखमेवरची हळद शिकण्यासाठी कोणत्याही ग्रंथाची गरज नव्हती, पण अमेरिकी कायद्याला होती. त्या काळच्या तेथील एकस्व कायद्यानुसार परदेशात एखादी गोष्ट लोक सर्रास वापरत आहेत, एवढे दाखवणे पुरेसे नव्हते. ती गोष्ट आधीच छापली गेली होती किंवा तिच्यावर आधीच एकस्व दिले गेले होते, असा लेखी पुरावा आवश्यक होता. परदेशातील तोंडी ज्ञान कायद्याच्या दृष्टीने अस्तित्वातच नव्हते. परिषदेने संस्कृत, उर्दू, हिंदी ग्रंथांतील आणि आधुनिक नियतकालिकांतील मिळून ३२ संदर्भ सादर केले. त्यांत भारतीय वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात १९५३ मध्ये प्रसिद्ध झालेला एक निबंधही होता. १९९७ मध्ये एकस्वातील दावे फेटाळले गेले आणि १९९८ मध्ये ते रद्द झाल्याचे प्रमाणपत्र निघाले. विकसनशील देशाने आपल्या पारंपरिक ज्ञानाच्या आधारे अमेरिकेतील एकस्व रद्द करून घेण्याचे हे पहिलेच मोठे उदाहरण मानले जाते.

या विजयातून २००१ मध्ये पारंपरिक ज्ञान अंकीय ग्रंथालयाची स्थापना झाली. आयुर्वेद, युनानी, सिद्ध आणि योग या शाखांतील ग्रंथोक्त योगांचे पाच परदेशी भाषांत रूपांतर करून ते जगभरातील एकस्व परीक्षकांना तपासता यावेत, अशी त्याची रचना आहे. मे २०२४ मध्ये जागतिक बौद्धिक संपदा संघटनेच्या सदस्य देशांनी स्वीकारलेल्या करारानुसार एकस्वाच्या अर्जात वापरलेली जनुकीय सामग्री आणि तिच्याशी निगडित पारंपरिक ज्ञान कोठून आले, हे सांगणे बंधनकारक करण्याची दिशाही ठरली. एवढे होऊनही एक मोठे क्षेत्र बाहेरच राहते, कारण ग्रंथालयात जे आले ते ग्रंथांत होते ते. शिरड शहापूरसारख्या गावातील घरांत, आणि या जिल्ह्यातील आंध आदिवासी वस्त्यांत, जे ज्ञान तोंडी आहे ते त्यात नाही.

त्यासाठी वेगळी तरतूद आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि तिच्यामार्फत लोक जैवविविधता नोंदवही तयार करण्याची व्यवस्था केली. या कल्पनेमागे डॉ. माधव गाडगीळ यांचे दीर्घकाळचे काम होते, आणि गावानेच गावाच्या वनस्पती, त्यांची स्थानिक नावे, उपयोग आणि जाणकार यांची नोंद करावी, असा तिचा गाभा होता. दुर्दैवाने पुष्कळ ठिकाणी ही नोंदवही मुदत गाठण्याच्या घाईत तक्ते भरून पूर्ण केली गेली. हळदीच्या प्रदेशात तिच्यात काय असायला हवे, हे सहज सांगता येते: कोणते बेणे कोठून आले, कोणत्या जमिनीत कोणती जात टिकली, शिजवण्याच्या आणि वाळवण्याच्या रीती, घरगुती मात्रा, आणि कोणत्या वयाला, कोणत्या अवस्थेत हळद देत नाहीत याविषयीचे संकेत. शेवटची नोंद विशेष मोलाची, कारण परंपरेतील सावधपणा हा तिच्या उपायांइतकाच ज्ञानाचा भाग असतो आणि तोच सर्वांत आधी विस्मरणात जातो.

आता प्रयोगशाळेकडे वळता येईल. हळदीतील पिवळे द्रव्य १८१५ मध्ये फोगेल आणि पेलेतिए यांनी वेगळे केले, त्याला कुर्कुमिन हे नाव मिळाले आणि १९१० मध्ये त्याची रासायनिक रचना निश्चित झाली. चांगल्या कोरड्या हळदीत कुर्कुमिन व त्याची दोन भावंडद्रव्ये मिळून साधारण तीन ते पाच टक्के असतात. सेलम ही मराठवाड्यात सर्वाधिक लावली जाणारी जात चार टक्क्यांच्या आसपास, तर महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या कसबे डिग्रज येथील हळद संशोधन योजनेतून आलेली फुले स्वरूपा पाच टक्क्यांच्या किंचित वर मानली जाते. कुर्कुमिन अल्कधर्मी पदार्थाच्या सान्निध्यात तांबडे होते; हळदीपासून कुंकू करण्याची जुनी रीत याच गुणावर उभी आहे. परीक्षानळीत या द्रव्याने दाह कमी करण्याचे, जंतूंना रोखण्याचे आणि कर्करोगाच्या पेशींची वाढ थांबवण्याचे गुण दाखवले, आणि त्यावर जगभर हजारो शोधनिबंध निघाले.

येथेच जगाने अर्ध्या हळकुंडाने पिवळे होण्याची घाई केली. कुर्कुमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, आतड्यातून फार थोडे शोषले जाते आणि जे शोषले जाते ते यकृतात लवकर बदलून बाहेर टाकले जाते. २०१७ मध्ये अमेरिकेतील औषधरसायनशास्त्रज्ञांच्या एका गटाने उपलब्ध संशोधनाचा सविस्तर आढावा घेऊन असे दाखवले की हे द्रव्य अनेक चाचणी-पद्धतींमध्ये स्वतःच ढवळाढवळ करते आणि त्यामुळे नसलेला परिणामही दिसू शकतो. काही गाजलेले निबंध चित्रांतील फेरफारामुळे मागे घ्यावे लागले. याचा अर्थ हळद निरुपयोगी आहे असा नाही. ऑस्ट्रेलियात टास्मानियामध्ये गुडघ्याच्या संधिवाताच्या ७० रुग्णांवर बारा आठवडे झालेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत हळदीच्या अर्काने वेदना कमी झाली, सांध्यातील सूज मात्र कमी झाली नाही. थायलंडमध्ये अपचनाच्या विशिष्ट प्रकारावर कुर्कुमिन आणि ओमेप्राझोल यांची तुलना झाली, आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दोहोंचा परिणाम जवळपास सारखा आढळला. हे मर्यादित, पण खरे आधार आहेत, आणि परंपरेने ज्या क्षेत्रांत हळद वापरली त्याच क्षेत्रांतले ते आहेत.

मात्रेचा प्रश्न याहून महत्त्वाचा आहे. भारताच्या आयुर्वेदिक औषधसंहितेत हरिद्राचूर्णाची दिवसाची मात्रा १ ते ३ ग्रॅम सांगितली आहे. त्यात वरील टक्केवारीने सुमारे ३० ते १५० मिलिग्रॅम पिवळे द्रव्य येते. बाजारातील कॅप्सूलांमध्ये याच्या अनेक पट द्रव्य एकवटलेले असते आणि त्याच्या जोडीला मिऱ्यातील पायपरिन घातलेले असते. बंगळुरूच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातील संशोधकांनी १९९८ मध्ये दाखवून दिले की २ ग्रॅम कुर्कुमिनबरोबर २० मिलिग्रॅम पायपरिन दिले असता माणसाच्या शरीरातील त्याचे शोषण वीस पटींनी वाढते. स्वयंपाकघरातील तेल, तूप, दूध आणि मिरे यांची हळदीशी असलेली सोबत या दृष्टीने अर्थपूर्ण ठरते. परंतु तेच तत्त्व एकवटलेल्या गोळीत वापरले की यकृतावर ताण येऊ शकतो. अमेरिकेतील औषधजन्य यकृतविकारांची नोंद ठेवणाऱ्या जाळ्याने २०२२ मध्ये हळदीच्या पूरक गोळ्यांशी जोडलेले दहा रुग्ण नोंदवले, आणि त्यांतील अनेकांमध्ये एक विशिष्ट जनुकीय खूण आढळली. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी, पित्ताशयात खडे असणाऱ्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी अशा गोळ्या वैद्य किंवा डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. जेवणातली हळद आणि गोळीतली हळद ही औषधशास्त्राच्या दृष्टीने दोन वेगळी द्रव्ये समजावीत, हे जितक्या लवकर सर्वांना पटेल तितके बरे.

शेतात काम करणाऱ्यांच्या बाबतीत आणखी काही मर्यादा स्पष्ट सांगितल्या पाहिजेत. खोल जखमेत किंवा गंजक्या खिळ्याच्या घावात हळद भरून ती बंद केली तर धनुर्वाताचे जंतू आतच वाढू शकतात. अशा वेळी जखम स्वच्छ धुऊन लस घेणे अपरिहार्य आहे. नवजात बाळाच्या नाळेवर हळद लावू नये. नाग, मण्यार, घोणस चावल्यास कोणत्याही पाल्यात किंवा मुळीत प्रतिविष नाही, आणि झाडपाल्यात गेलेला अर्धा तास प्राणावर बेतू शकतो. विंचूदंशाबाबत तर मराठवाड्याला स्वतःचाच दाखला आहे: जालना जिल्ह्यातील देहेड गावात जन्मलेले डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी महाड परिसरात विंचूदंशाच्या रुग्णांवर प्राझोसिन या औषधाचा उपयोग करून मृत्यूंचे प्रमाण मोठ्या प्रमाणावर खाली आणले. शरीराचा समग्र विचार करणारी चिकित्सा म्हणजे प्रत्येक गोष्टीवर वनस्पतीच वापरणे नव्हे. कोणत्या वेळी वनस्पती बाजूला ठेवायची, हाही त्या विचाराचाच भाग आहे.

हळदीच्या शुद्धतेचा प्रश्न मात्र पुन्हा शिवाराकडे आणि बाजाराकडे घेऊन जातो. हळकुंडाला अधिक पिवळेधमक दाखवण्यासाठी काही ठिकाणी शिसेयुक्त लेड क्रोमेट हा रंग पॉलिशच्या वेळी चोळला जातो. शिसे लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर कायमचा परिणाम करते. बांगलादेशात २०१९ मध्ये बाजारातील हळदीच्या जवळपास निम्म्या नमुन्यांत ही भेसळ आढळली होती. जनजागृती, तपासणी आणि दंड यांच्या एकत्रित मोहिमेनंतर २०२१ पर्यंत ती शून्यावर आली. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दक्षिण आशियातील पाहणीत भारत, पाकिस्तान, नेपाळ व श्रीलंकेतील २३ शहरांतून ३५६ नमुने तपासले गेले आणि १४ टक्के नमुन्यांत शिशाचे प्रमाण चिंताजनक निघाले. पॉलिश केलेल्या हळकुंडांत ते अधिक होते. या प्रश्नाचे मूळ भाव ठरवण्याच्या पद्धतीत आहे. लिलावात हळदीची पारख होते ती रंग, चकाकी, जाडी आणि हळकुंड मोडताना येणारा आवाज यांवरून. यांपैकी आवाज कोरडेपणाची विश्वासार्ह खूण आहे, परंतु रंग आणि चकाकी बाहेरून आणता येतात, आणि ज्या गुणासाठी जग हळद मागते तो कुर्कुमिनचा अंश डोळ्यांनी मोजता येत नाही. परिणामी पाच टक्क्यांची हळद पिकवणारा आणि तीन टक्क्यांची पिकवणारा यांना एकच भाव मिळू शकतो, तर कमी चमकणाऱ्या पण अधिक औषधी हळदीला कमी.

जगाच्या हळद उत्पादनापैकी ७० टक्क्यांहून अधिक उत्पादन भारतात होते. केंद्र सरकारने स्थापन केलेल्या राष्ट्रीय हळद मंडळाचे उद्घाटन जानेवारी २०२५ मध्ये झाले आणि त्याचे मुख्यालय शेजारच्या तेलंगणात निजामाबादला गेले. महाराष्ट्राच्या २०२२ च्या अर्थसंकल्पात वसमत येथील बाळासाहेब ठाकरे हरिद्रा संशोधन व प्रशिक्षण केंद्रासाठी १०० कोटी रुपयांची घोषणा झाली. दुसरीकडे, २०२३ च्या दुरुस्तीने जैवविविधता कायद्यातील लाभवाटणीच्या, म्हणजे वनस्पती व ज्ञान यांच्या व्यापारी वापरातून मूळ समाजाला वाटा देण्याच्या, अटींतून ग्रंथोक्त पारंपरिक ज्ञानाला आणि लागवडीखालील औषधी वनस्पतींना मोठी सूट मिळाली. हळद या दोन्ही वर्गांत मोडते. त्यामुळे हळदीपासून औषध करणाऱ्या उद्योगाच्या नफ्यातील वाटा कायद्याच्या मार्गाने हिंगोलीच्या शेतकऱ्यापर्यंत येण्याची शक्यता फार थोडी उरली आहे, आणि गुणवत्तेनुसार भाव हाच एकमेव व्यवहार्य मार्ग शिल्लक राहतो.

तो मार्ग अवघड नाही. हळदीचा अर्क काढून त्यातून जाणाऱ्या प्रकाशाचे शोषण मोजणाऱ्या साध्या उपकरणाने कुर्कुमिनचा अंदाज येतो, आणि शिशाची तपासणी हातात धरता येणाऱ्या क्ष-किरण यंत्राने काही मिनिटांत होते. वसमतचे केंद्र, परभणीचे वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ आणि तोंडापूरचे कृषी विज्ञान केंद्र ही तिन्ही शिरड शहापूरपासून फार दूर नाहीत. काढणीच्या हंगामात, फेब्रुवारी ते एप्रिल या काळात, वसमत आणि हिंगोलीच्या बाजार आवारांत प्रत्येक ढिगाचा नमुना लिलावापूर्वी तपासला गेला, आणि कुर्कुमिनची टक्केवारी, ओलाव्याचे प्रमाण व शिशाचा निकाल या तीन बाबी वजनाच्या आणि दराच्या शेजारी शेतकऱ्याच्या विक्रीपट्टीवर छापल्या गेल्या, तर बॉयलरमध्ये हळद किती वेळ ठेवायची, ती कोठे वाळवायची, पॉलिश किती करायचे आणि कोणते बेणे राखायचे, हे सर्व निर्णय त्या तीन आकड्यांकडे पाहून घेतले जातील.